आवार

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की महाबळेश्वरच्या बाजारपेठेतली गर्दी ओसरू लागते आणि बंगल्यांना पांघरूण घालायची लगबग सुरू होते. पूर्वी हे पांघरूण गवताचं असे. वाळलेलं गवत जाड थरात बांधून ताट्या करायच्या आणि पावसाच्या तोंडावरच्या भिंतींना, खिडक्यांना, व्हरांड्याच्या उघड्या बाजूंना त्या सुंभानं घट्ट बांधून टाकायच्या. आता बहुतेक ठिकाणी निळं नाहीतर काळं प्लॅस्टिक आलं आहे. साधन बदललं तरी काम तेच. वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत आणि वाऱ्याबरोबर आडवा. त्याच्या तडाख्यात घर उभं राहायचं तर दर वर्षी कुणीतरी शिडीवर चढून त्याची काळजी घ्यावी लागते. हे कुणीतरी म्हणजे मालक क्वचितच. मालक मुंबईला, पुण्याला असतो. शिडीवर असतो तो माळी किंवा रखवालदार, आणि बरेचदा त्याच्या आधी त्याचा बाप त्याच शिडीवर चढलेला असतो.

या बंगल्यांपाशी गेलं तर बंगला लगेच दिसत नाही. आधी दिसतात फाटकाचे जांभ्या दगडाचे दोन खांब, त्यांच्यावरची शेवाळाची हिरवी साय, एका खांबात बसवलेली नावाची पाटी. पुढे तांबड्या मातीची वाट वळण घेऊन जांभळी-हिरड्यांत शिरते. वळण संपलं की पत्र्याचं उतरतं छप्पर, रुंद व्हरांडा, बाजूला किंवा मागे वेगळं काढलेलं स्वयंपाकघर, आणि अगदी मागे चाकरमंडळींच्या खोल्या. या सगळ्याला मिळून मराठीत नेमका शब्द आहे, आवार. सातारा जिल्ह्यातल्या डोंगरमाथ्यावरच्या जुन्या घरांचा वारसा जपायची गोष्ट निघते तेव्हा चर्चा भिंतींची होते, कमानींची होते, छपराची होते. आवाराची होत नाही. आणि गेल्या काही दशकांत इथून जे गेलं, त्याची सुरुवात बहुतेक वेळा आवारापासूनच झाली.

या वस्तीचा जन्म ठरवून झालेला आहे. साताऱ्याला असलेला फौजी अधिकारी कर्नल पीटर लॉडविक एप्रिल १८२४ मध्ये डोंगर चढून वर आला. त्याच्या नावाचा पॉइंट आजही पर्यटकांना दाखवतात. १८२६ मध्ये साताऱ्याचा रेसिडेंट ब्रिग्ज यानं वर एक लहानसं घर बांधलं आणि छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडे रस्त्यासाठी आग्रह धरला. महाराजांनी साताऱ्याहून वरपर्यंत चांगला रस्ता करून दिला. मग मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम १८२८ मध्ये आला, त्याला हवा मानवली आणि १८२९ मध्ये तह झाला. वाई भागातलं खंडाळा गाव महाराजांना देऊन त्या बदल्यात इंग्रजांनी डोंगरावरची जागा घेतली. वस्तीला माल्कम पेठ हे नाव पडलं. पेठ हा शब्द इथल्या बोलीतला. ज्या राजाच्या शहरात पेठांमागून पेठा वसत होत्या, त्याच्याच मुलखात एका गोऱ्या गव्हर्नराच्या नावाची पेठ उभी राहिली. ज्या प्रतापसिंहांनी रस्ता करून दिला, त्यांना पुढे दहा वर्षांनी, १८३९ मध्ये, त्याच सरकारनं गादीवरून उतरवून काशीला पाठवलं. तिथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांचे बंधू आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधून घेतला. त्यांच्या निधनानंतर १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्यच खालसा झालं.

हे इतकं सांगायचं कारण असं की, बंगल्यांच्या जतनाचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो. इंग्रजांची घरं आपण कशाला जपायची? प्रश्न रास्त आहे, आणि टाळण्यासारखा नाही. पण ही घरं नेमकी कुणाची, हे नीट पाहिलं तर उत्तर सोपं राहत नाही. वर यायचा रस्ता साताऱ्याच्या महाराजांचा. दगड याच डोंगराचा. पुढे मालकही बदलले. मुंबईचे पारशी, गुजराती, बोहरी व्यापारी, संस्थानिक यांनी बंगले घेतले किंवा नवे बांधले. आणि वस्तीतले रस्ते बरेचसे कैद्यांच्या हातचे आहेत. हे कैदी मराठी नव्हते, इंग्रजही नव्हते. ते होते चिनी आणि मलायी.

१८३० च्या दशकात महाबळेश्वरला एक तुरुंग होता. पूर्वेकडच्या इंग्रजी वसाहतींतून काळ्या पाण्याच्या शिक्षेवर पाठवलेले कैदी तिथे ठेवत. रस्त्यांच्या कामाशिवाय त्यांनी या डोंगरावर बटाटा आणि विलायती भाज्या पिकवल्या, वेताचं काम केलं. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला, पण भाजीपाल्याचे मळे आणि वेतकाम ही दोन्ही कामं इथल्या लोकांनी उचलली. आज महाबळेश्वरच्या बाजारात स्ट्रॉबेरी घेणाऱ्याला या डोंगरावरच्या बागायतीत हजारो मैलांवरून बेड्या घालून आणलेल्या माणसांचाही हात आहे, हे सांगणारी एखादी पाटी तरी असायला हवी.

या मलायी माणसांची आठवण आणखी एका कारणानं काढावीशी वाटते. बंगल्याभोवतीच्या आवाराला आपण सहज कंपाउंड म्हणतो. बहुतेक शब्दकोश या इंग्रजी शब्दाचं मूळ मलायी भाषेतल्या ‘कांपुंग’मध्ये शोधतात. त्याचा अर्थ वाडी, वस्ती. ‘बंगला’ तर उघडच बंगालचा, तिथल्या उतरत्या छपराच्या एकमजली घरावरून आलेला. पूर्वेकडचे हे दोन शब्द इंग्रजांच्या तोंडून फिरून आपल्याकडे आले आणि इतके रुळले की बंगला म्हणजे श्रीमंती आणि कंपाउंड म्हणजे चार हात उंचीची भिंत असे त्यांचे अर्थ ठरून गेले. मूळ कांपुंगचा अर्थ मात्र वस्तीचा आहे, नुसत्या भिंतीचा नाही.

महाबळेश्वरहून जेमतेम वीस किलोमीटरवर पाचगणी. पण दोन्हीकडच्या पावसात फार मोठा फरक. ढग महाबळेश्वरच्या माथ्यावर रिकामे होतात आणि पाचगणीला उरलेलं पाणी येतं. बारा महिने राहता येईल अशी जागा म्हणून १८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रजानं तिची वाढ मनावर घेतली. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधली ही जागा. चेसननं सिल्व्हर ओक लावले, पॉइन्सेटिया लावला आणि शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले, बांधकामवाले यांना जागा देऊन बाजाराखाली वसवलं. तोच भाग पुढे गावठाण झाला. म्हणजे वर प्रशस्त आवारांचे बंगले आणि खाली दाटीवाटीचं गावठाण ही मांडणी पहिल्या दिवसापासूनची. वारशाच्या गप्पांत वरच्याच मजल्याचं कौतुक होतं, म्हणून हे लक्षात ठेवलेलं बरं. चेसन पाचगणीतच सेंट पीटर्स चर्चच्या आवारात पुरलेला आहे.

कोरडी हवा म्हणून पाचगणीला शाळा आल्या आणि क्षयरोगीही आले. औषध नसलेल्या त्या काळात क्षयावर उपाय एकच होता. मोकळी हवा, ऊन, विश्रांती आणि सकस अन्न. डॉ. रुस्तम बोमनजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर हे आरोग्यधाम सुरू केलं. अशा ठिकाणी बंगल्याचा व्हरांडा शोभेचा राहत नाही, उपचाराचा होतो. खाट व्हरांड्यात ओढायची, समोर दोन-तीनशे फूट मोकळं आवार, पलीकडे कृष्णेचं खोरं, आणि शेजारचा खोकला ऐकू येणार नाही इतकं घराघरांत अंतर. आवार रुंद ठेवण्यामागे रुबाब होता तसा रोगाचा धाकही होता.

महात्मा गांधी आगाखान पॅलेसच्या तुरुंगातून मे १९४४ मध्ये सुटले ते खंगलेल्या प्रकृतीनंच. त्या जुलैत ते पाचगणीला ‘दिलखुश’ बंगल्यात राहिले. पुढच्या वर्षी महाबळेश्वरला ‘मोरारजी कॅसल’मध्ये. घराला मोठ्या माणसाचे पाय लागले की ते वारसा यादीत पटकन शिरतं. साताऱ्यातही तसंच. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर नावाच्या मुलाचं नाव राजवाड्यातल्या शाळेत घातलं गेलं आणि तो दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. अशी स्थळं जपलीच पाहिजेत. पण एखाद्या गल्लीतली, आळीतली, डोंगराच्या धारेवरची पन्नास घरं मिळून जे उभं राहतं, त्यात कुणीही थोर राहिलेलं नसेल तर त्याची बाजू कोण घेणार?

आता थोडं जवळून. जांभा हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो. कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं त्याचे चिरे पाडता येतात. हवेवर राहिला की तो टणक होत जातो. पण तो सच्छिद्र असतो, पाणी पितो. पावसाळ्यात प्यालेलं पाणी हिवाळ्या-उन्हाळ्यात बाहेर पडायला वाट लागते. जुन्या गवंड्यांनी चुन्यात सांधे भरले, चुन्याचा गिलावा दिला, तो याचसाठी. चुना ओल आत कोंडत नाही, बाहेर जाऊ देतो. शंभर वर्षांनी त्या भिंतीवर कुणी सिमेंटचा गिलावा चढवला की बाहेरून घर नवं कोरं दिसतं. आतून मात्र ओल अडकते. दोन-चार पावसाळ्यांत पोपडे धरतात, आतल्या चिऱ्याचा भुगा होऊ लागतो, भिंतीत शिरलेल्या लाकडी तुळयांची टोकं कुजतात. मग कुणीतरी येऊन सांगतं, इमारत धोकादायक आहे, पाडावी लागेल. अशा घराची पडझड ज्या दिवशी सुरू झाली तो दिवस प्रेमानं डागडुजी केल्याचा असतो, याचं वाईट वाटतं. मालकाची नियत साफ असते. चुना मळणारा माणूस तेवढा सापडत नाही.

छपराचंही असंच. नाळीदार पत्रा, खाली लाकडी तक्तपोशी, मध्ये हवा खेळायला पोकळी. पत्र्यावर पावसाचा ताशा वाजतो तो या पोकळीमुळे खोलीत जरा मंद होऊन येतो. पत्रा काढून स्लॅब टाकला की आवाज थांबतो आणि गळती सुरू होते. महाबळेश्वरच्या पावसात सपाट स्लॅबवर शेवटी पुन्हा पत्र्याचीच शेड उभारावी लागते, हे गावात फिरताना कुणालाही दिसेल.

पण भिंत आणि छप्पर जाण्याआधी आवार जातं, ते असं. आजोबांच्या नावावरचा बंगला तिसऱ्या पिढीत नऊ-दहा वारसांच्या नावांवर येतो. मिळकत पत्रिकेवरची नावं वाढतात, वर्षातून आठ दिवस येणारी माणसं कमी होतात. माळ्याचा पगार, पत्र्याचा रंग, पावसाळ्याची बांधबंदिस्ती यांचा खर्च कुणी करायचा यावर पत्रव्यवहार होतो. इथल्या कितीतरी बंगल्यांखालची जमीन सरकारी भाडेपट्ट्याची. पट्ट्याची मुदत सरत आली किंवा नूतनीकरण अडकलं की डागडुजीवर पैसा घालायला हात आखडतो. मग एक भाऊ सुचवतो, बंगल्याला हात लावू नका, नुसती पुढची बाजू हॉटेलवाल्याला द्या. आवाराचा तुकडा पडतो. फाटक रुंद करायला खांब निघतात. तांबड्या वाटेवर पेव्हर ब्लॉक येतात, कारण चारचाकी वळली पाहिजे. वळणावरचं जांभळीचं झाड आधी छाटलं जातं, मग वाळतं. बंगला कागदोपत्री सुरक्षित असतो. त्याच्यापर्यंत नेणारं, त्याला झाकणारं, उलगडत दाखवणारं जे होतं ते मात्र संपलेलं असतं.

कायदा इथे काय करतो, तेही पाहावं लागेल. किल्ल्यांचं बरं चाललं आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यात याच डोंगररांगेतला प्रतापगड आहे. १९६० चा राज्याचा प्राचीन स्मारकांचा कायदा मंदिरं, गडकोट, लेणी यांच्यासाठी आहे. माणसं राहतात, भांडतात, विकतात अशा घरांना तो कपडा बसत नाही. ते काम नगररचनेच्या नियमांचं. मुंबईनं १९९५ मध्ये, देशात पहिल्यांदा, वारसा नियम आणले आणि घरांची पहिली, दुसरी, तिसरी अशी प्रतवारी ठरवली. त्यामागे ज्यांनी वर्षानुवर्षं मंत्रालयाचे जिने झिजवले, त्यांत बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपचे श्याम चैनानी होते. महाबळेश्वर-पाचगणीसाठीही याच संस्थेनं लढा दिला. १७ जानेवारी २००१ रोजी केंद्र सरकारनं हा सगळा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. त्या अधिसूचनेत जंगल, झरे, उतार यांच्याबरोबर माणसानं उभारलेल्या वारशाचाही विचार आहे. एकेकट्या इमारतींपुरतं न थांबता त्यांचे परिसर ओळखून जतनाचा आराखडा करायचा, असं ते सूत्र.

परिसर हा तिथला कळीचा शब्द. आराखड्यात तो शिरला की प्रत्येक बंगला नव्या नजरेनं पाहावा लागतो. दोन बंगल्यांमधलं अंतर, मधली झाडी, दगडी बांध, पावसाचं पाणी वाहून नेणारे चर, पाऊलवाटा, सगळं मोजणीत येतं. आणि अडचणही तिथेच आहे. इमारत एक असते, तिचा एक क्रमांक असतो. परिसर अनेकांच्या मालकीचा असतो आणि त्याची राखण कुणा एकाच्या गळ्यात बांधता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्यानं बहुतेक शहरांना एकच बांधकाम नियमावली लावली. गिरिस्थानं आणि संवेदनशील क्षेत्रं तिच्याबाहेर ठेवली, हे शहाणपणाचं झालं. महाबळेश्वर आणि पाचगणी या गिरिस्थान नगरपरिषदांना आपापल्या जागेपुरता वेगळा विचार करायला त्यामुळे वाव राहिला.

असा विचार जगात कुठे झाला आहे का? लंडनच्या उत्तरेला हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब ही १९०७ मध्ये सुरू झालेली घरांची वसाहत आहे. तिथे एक विश्वस्त संस्था घरांच्या दर्शनी भागाबरोबर बागा आणि कुंपणाच्या हिरव्या वईवरही लक्ष ठेवते. वई उपटून गाडी उभी करायची तर परवानगी लागते, आणि ती सहजासहजी मिळत नाही. अमेरिकेत शिकागो शहरात विसाव्या शतकाच्या आरंभी कामकरी आणि मध्यमवर्गीयांसाठी बांधलेले विटांचे हजारो लहान बंगले आहेत. २००० मध्ये शहरानं त्यांच्यासाठी मोहीम काढली. घरमालकाला धाक घालण्यापेक्षा दुरुस्तीचा सल्ला आणि पैशांची मदत द्यायची, हा तिचा रोख. बंगालच्या खेड्यातला बंगला तिथवर पोचला आणि तिथल्या लोकांनी त्याला आपलं मानून जपलं.

आपल्याकडचं याच्या सर्वांत जवळ जाणारं उदाहरण डोंगर उतरून खाली, सांगली जिल्ह्यात सापडतं, आणि त्याच्यामागे पुन्हा साताऱ्याकडचा एक राजा उभा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगरांचा कारखाना बेळगावात होता. नगरपालिकेनं वाढत्या वस्तीसाठी जागा खाली करायला सांगितली. त्या वेळी लक्ष्मणराव औंधला यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचं काम करत होते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी, बाळासाहेबांनी, त्यांना आपल्या संस्थानातली कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकरांची जागा देऊ केली. औंध संस्थान तुकड्यातुकड्यांचं, राजधानी आजच्या सातारा जिल्ह्यात आणि ही जागा आजच्या सांगली जिल्ह्यात. १९१० मध्ये लक्ष्मणराव आले तेव्हा माळावर निवडुंग आणि साप याखेरीज काही नव्हतं. शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर असे सहकारी आणि थोडी कामगार कुटुंबं घेऊन त्यांनी कारखान्याबरोबर गावही वसवलं. स्टेशनचं नाव पुढे किर्लोस्करवाडी झालं.

या गावाचा कारभार लक्ष्मणरावांचे बंधू रामूअण्णा बघत. शाळा, पोस्ट, दुकान, वाचनालय, झाडं, पाणी, स्वच्छता सगळं. वस्तीत शिवाशिव पाळायची नाही हा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रखवालीचं काम दिलं. या माळावरूनच १९२० पासून ‘किर्लोस्कर’, १९३० पासून ‘स्त्री’ आणि १९३४ पासून ‘मनोहर’ ही मासिकं महाराष्ट्रभर जाऊ लागली. शंतनुराव किर्लोस्करांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्राचं नाव ‘कॅक्टस अँड रोझेस’ ठेवलं, त्यातला निवडुंग याच माळावरचा. निवडुंग खणून काढल्यावर घरांपुढे फुलझाडं लावणं हा तिथला शिरस्ता झाला. महाबळेश्वरचं आवार साहेबाच्या एकांतासाठी आखलेलं. किर्लोस्करवाडीत मोकळी जागा कारखान्यातून दमून आलेल्या माणसासाठी आखली गेली. मराठी माणसानं स्वतःच्या डोक्यानं वसवलेल्या, घर आणि बाग यांचा एकत्र विचार केलेल्या आपल्याकडच्या पहिल्या काही वसाहतींपैकी ही एक. तिचं जतन वारशाच्या यादीमुळे झालं नाही. कारखाना चालू राहिला, झाडाला पाणी घालणं कुणाचं तरी काम राहिलं, म्हणून ती टिकली.

त्याच औंध संस्थानानं १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. तिथे कैदी भिंतीशिवाय राहतात. बायकामुलांसह, स्वतःच्या लहानशा घरात, शेती करत. व्ही. शांतारामांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचलेला. शेजारच्या जिल्ह्यात मलायी कैद्यांना बेड्या घालून रस्ते करायला लावले होते, त्याच मुलखात शंभर वर्षांनी कैद्याला घर आणि अंगण मिळालं. वास्तू म्हणून या घरांत पाहण्यासारखं फारसं नसेल. पण कुंपण न घालता घर देण्याची ती कल्पना ज्या अंगणांत उतरली, ती अंगणं नोंदीत यायला हवीत.

सांगली शहरात मात्र घरांचा निकाल वेगळाच कुणीतरी लावतं. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी मिरजेपासून वेगळं होऊन सांगलीला गादी केली आणि कृष्णेच्या काठानं शहर वाढलं. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगवलं ते याच शहरात. १९२९ च्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी मोजतात, ४५ फूट ही धोक्याची खूण. २००५ ला पाणी तिच्या बरंच वर गेलं, २०१९ ला ५७ फुटांवर, २०२१ ला पुन्हा पन्नाशी ओलांडून. मातीत आणि पांढऱ्या मातीच्या विटांत उभ्या केलेल्या जुन्या वाड्याच्या भिंती दोन-तीन दिवस पाण्यात राहिल्या की पाणी ओसरल्यावर खचतात. गावभागातली कुटुंबं उंचावर, विश्रामबागकडे सरकत आली आहेत. विलिंग्डन महाविद्यालयाच्या १९१९ च्या आगमनानंतर तो भाग वाढत गेला, सांगली-मिरज रस्त्याच्या दोन्ही अंगांना बैठे बंगले उभे राहिले. पुढे फाटक, तुळस, एक नारळ, एक आंबा, मागे मोरी आणि हौद. प्राध्यापक, वकील, हळदीचे व्यापारी यांनी आयुष्यभराच्या कमाईतून बांधलेली ही घरं. त्यांचं वय आता सत्तरीला पोचतं आहे. या घरांना अजून कुणी वारसा म्हणत नाही, आणि इमारती त्यांच्याच जागी चढत आहेत. पुरातून सुटलेली घरं पुनर्विकासाच्या करारात चालली आहेत.

तेव्हा कुणाला यादी करायचीच असेल, तर ती बंगल्यांची करण्याआधी आवारांची करावी, असं या विषयाशी संबंध आलेल्या माणसाला वाटल्याशिवाय राहत नाही. फाटकाचे खांब किती उरले. कोणत्या वाटेवर अजून तांबडी माती आहे. विहीर बुजवली का. दोन घरांच्या मधला दगडी बांध कुणी पाडला. कोणत्या बंगल्याच्या मागच्या खोल्यांत माळ्याची तिसरी पिढी राहते आणि त्यांच्या नावावर काय आहे. हे शेवटचं फार महत्त्वाचं. मालक विकून जातो तेव्हा त्याला किंमत मिळते. ज्यानं पन्नास पावसाळे त्या भिंती बांधून ठेवल्या, त्याला महिनाभरात खोली सोडायला सांगतात.

आणि पाहणी करणाऱ्यानं सुरुवात या मागच्या खोल्यांपासून करावी. दर्शनी भागावर प्रत्येक मालकानं आपापल्या काळची हौस केलेली असते. फरशा बदललेल्या असतात, सिमेंट चढवलेलं असतं, रंगाचे थर असतात. मागच्या खोल्यांवर खर्च करायला कुणाला फुरसत नसते. तिथे जांभ्याचे चिरे उघडे दिसतील, सांध्यांतला चुना नखानं खरवडला तर पांढरी भुकटी हाताला लागेल. त्या भिंतीला टेकून गेल्या वर्षीच्या ताटीचा एखादा सांगाडा उभा असेल, बांबूच्या कामट्यांचा, सुंभाच्या गाठींसकट.